शेळीनं खाल्लेली भिंत

मी गाव सोडलं त्या सकाळी एसटी अजिंठ्याच्या वेशीबाहेर पडते न पडते, तोच मेंढरं आडवी आली. मेंढरं आमचीच होती. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती मुद्दाम आणली असं मी म्हणणार नाही. पण रस्ता ओलांडायला त्यांनी त्या दिवशी फारच वेळ घेतला. ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढत नव्हता, कंडक्टर मेंढरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. आबा मात्र सावकाश खिडकीशी आले. "उन्हात हिंडू नगंस. सावली धरून ऱ्हाय," म्हणाले आणि काठी उचलली. कळप तेव्हा कुठं हलला.

गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं शहराकडं, वाळूजच्या वाटेला लागलेल्यांनो, सावली धरून राहणं तेव्हा सोपं वाटलं होतं. मी वाळूजच्या शाळेत मराठी शिकवू लागलो, भाड्याच्या खोल्या बदलत राहिलो. गेल्या उन्हाळ्यात आबा गेले. शेवटचे दिवस त्यांनी पत्र्याच्या छपराखाली काढले. दुपारी त्या पत्र्याला हात लावला तर पोळायचा. मागं माय एकटी उरली. मेंढरं विकली, चांदी नावाची एक शेळी तेवढी तिनं ठेवली. "माझ्याकडं चल," म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं, "भाड्याच्या घरात? तुझं सोताचं हुंदे, मंग बघू." पुढचा उन्हाळा तिनं त्या पत्र्याखाली काढू नये, एवढंच मला हवं होतं.

म्हणून शहराच्या दुसऱ्या अंगाला, चिकलठाण्याकडं घेतलेल्या जागेवर बांधायला काढलं. मी पुस्तकी माणूस; भिंतींचीही पुस्तकं जमवली. विटा, काळा दगड, सिमेंटचे हलके ठोकळे, सगळं वाचून झालं आणि मन बसलं ते थर्माकोलच्या भिंतीवर. थर्माकोलचे पोकळ ठोकळे एकावर एक रचायचे, पोकळीत सळया उभ्या करून काँक्रीट ओतायचं आणि थर्माकोल तसाच ठेवून दोन्ही अंगांनी प्लास्टर करायचं. ऊन बाहेरच अडतं, वीज कमी लागते. ऐकून बायको म्हणाली, "अहो, घर बांधताय की फ्रीज?"

काँक्रीट ओतून झालं, प्लास्टर व्हायचं होतं, अशा वेळी माय घर बघायला आली. चांदीला सांभाळायला गावात कुणी नव्हतं, म्हणून शेजाऱ्याच्या पिकअपमधून तीही आली. इंजिनिअर आम्हाला भिंतीचे गुण सांगत होता आणि आम्ही माना डोलवत होतो. एवढ्यात माय ओरडली, "आरं, शेळी भिंत खायली!"

खरंच खात होती. कोपरा बराचसा संपला होता. मायनं चांदीच्या तोंडात हात घालून पांढरे गोळे बाहेर काढले आणि माझ्याकडं असं पाहिलं, की शाळेतली सगळी वर्षं वाया गेली.

"आजी, आत पक्कं काँक्रीट आहे," इंजिनिअर म्हणाला.

"मंग ते भाईर का नाय लावलं? लाजतंय व्हय?"

तो माझ्याकडं बघू लागला, मी चांदीकडं. जाताना माय म्हणाली, "दुष्काळ पडला तरी शेळीची काळजी मिटली म्हणायची." राहायला येण्याबद्दल मात्र चकार शब्द नाही.

प्लास्टर झालं, रंग झाला. ऊन तापल्यावर मी मायला घेऊन आलो, बोली मात्र चार दिवसांचीच. चांदीला मागच्या अंगणात बांधलं, भिंतीपासून लांब. इंजिनिअरनं बजावलं होतं, दारं-खिडक्या बंद ठेवल्या तरच घर गार राहील. आम्ही सगळं बंद केलं. बाहेर रस्ता वितळत होता आणि आत माठाशेजारी बसल्यासारखं वाटत होतं. मी कौतुकाच्या आशेनं मायकडं पाहत होतो. ती खुर्चीच्या कडेवर बसली होती. बोचकं मांडीवर, गाठ तशीच.

दुपारी ती म्हणाली, "मला स्टँडवर सोड."

"का गं? गार नाही वाटत?"

"गार लई हाय. पर दिवसाढवळ्या दार लावून बसत्यात व्हय? बघणाऱ्याला वाटंल, घरातलं माणूस गेलं."

घरातलं माणूस गेलंच होतं. बायको उठली. तिनं दार सताड उघडलं आणि मिटू नये म्हणून मध्ये पाण्यानं भरलेली कळशी ठेवली. उन्हाची झळ आत आली. झळेच्या मागोमाग शेजारच्या काकू आल्या. "शेळी तुमची का? दूध देते?" त्यांनी विचारलं. माय सरकून बसली, पाठ भिंतीला टेकवली आणि बोलता बोलता बोचक्याची गाठ सोडली.

तिचे चार दिवस अजून संपलेले नाहीत. विजेचं बिल इंजिनिअरनं सांगितल्यासारखं येत नाही. तो भेटला की मी विषय बदलतो. घर म्हणजे काय, यावर मी पूर्वी वर्गात तासभर बोलायचो. आता संध्याकाळी वाळूजहून परततो तेव्हा दार उघडंच असतं. माय समोर बसलेली असते, मला चांगली पाहत असते, तरी मोठ्यानं विचारते, "कोण हाय?"

मी चपला काढत सांगतो, "मीच हाय, माय."