बेलभंडार न देणारे बळीरामजी

बळीरामजी गुरव यांची आणि माझी पहिली भेट महादेवाच्या पायरीवर झाली, आणि ती माझ्या रागामुळे झाली. तेल्हाऱ्याच्या बाजूच्या या गावात सरकारी शाळा काढायचा हुकूम घेऊन मी अकोल्याहून आलो होतो. तरुण होतो, डोके गरम होते. चावडीत जागा नाही, असे पाटलांनी सांगितले. मोठ्या घरांच्या ओसऱ्यांत छतापर्यंत कापूस भरलेला. दिवसभर वणवण करून मी देवळाच्या पायरीवर बसलो आणि गावाच्या नावाने बोटे मोडू लागलो. तेवढ्यात ओले धोतर नेसलेले एक गृहस्थ हातात झाडू घेऊन बाहेर आले आणि माझे सगळे बोलणे शांतपणे ऐकत उभे राहिले.

"मास्तर, शिव्या देऊन झाल्या असतीन तं आत या," ते म्हणाले. "सभामंडप रिकामा हाये. देवाले पोरांच्या कल्ल्याचा काई तरास होत नाही."

दुसऱ्या दिवशी तिथे शाळा भरली. गावाने मास्तराला जागा दिली, असे आता सांगितले जाते. गावाने दिली नाही, बळीरामजींनी दिली.

आज ते पंचाहत्तर वर्षांचे झाले. अमरावतीच्या एका कीर्तनकारबुवांनी आमच्या गावच्या नव्या मंदिरात कीर्तन करताना त्यांची गोष्ट रंगवून सांगितली, तेव्हापासून गावाला एकाएकी त्यांचा अभिमान वाटू लागला. सत्कार मंडळ निघाले, शाल ठरली, मानपत्र ठरले, हे पुस्तकही ठरले. मंडळाचे अध्यक्ष धाकटे पाटील माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मास्तर, तुमी लिव्हा. पन गोड गोड लिव्हा. जुनं उकरू नोका." ज्या माणसाला तीस वर्षे तुम्ही गाभाऱ्यात पाऊल टाकू दिले नाही, त्याच्याविषयी गोड काय लिहू? मी जुनेच उकरणार आहे. छापायचे तर छापा.

तो काळ आठवणारी माणसे आता थोडीच उरली. अमेरिकेत लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला आणि आमच्या काळ्या मातीला सोन्याचा भाव आला. रात्रंदिवस गाड्या अकोल्याकडे धावत. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या, लग्नात अकोल्याहून नाच येऊ लागले. त्याबद्दल कोणाला धर्म आठवला नाही. धर्म आठवला तो गंगाबाईच्या डोक्यावर पाण्याचा पितळी गुंड दिसला तेव्हा.

गंगाबाई ही गावकुसाबाहेरच्या वस्तीतली, कापूस वेचणारी बाई. वेचणाऱ्या बाईला तिने वेचलेल्या कापसातलाच वाटा द्यायचा, ही आमच्याकडची बापजाद्यांची रीत. कापसाला भाव नव्हता तोवर त्या वाट्याकडे कोणी ढुंकून पाहिले नाही. भाव चढला तसा बायांच्या वाट्याचाही चढला. कोणी धड लुगडे घेतले, कोणी पोराला अंगरखा शिवला. गंगाबाईने मातीचा घडा टाकून पितळेचा गुंड घेतला आणि तो घेऊन ती नदीवर गेली. एवढ्यावर गावातल्या थोर माणसांची झोप उडाली! बाया माजल्या, मर्यादा सुटली, कलियुग आले, अशी बोलणी पारावर सुरू झाली. स्वतःच्या ओसरीवर नाच बसवणारी माणसे दुसऱ्याच्या बायकोच्या लुगड्याचा काठ मोजत होती. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

मग ठरले की यंदापासून वेचणीला कापसाचा वाटा बंद, दिवसाकाठी ओंजळभर ज्वारी द्यायची. पण ठरवणाऱ्यांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता. वेचणीची घाई झाली की शेजारी गुपचूप वाटा देऊन बाया आपल्या शेतात पळवील, ही प्रत्येकाला धास्ती. म्हणून त्यांना देव लागला. बेलाचे पान आणि भंडाऱ्याची चिमूट हातात घेऊन देवापुढे शपथ केली की ती मोडायची कोणाची छाती होत नाही. आणि आमच्या गावी हा बेलभंडार गुरवाच्या हातूनच घ्यायचा असतो.

त्या संध्याकाळी शाळा सुटली होती, मी फळा पुसत होतो. जमीनदार मंडळी सभामंडपात आली. पुढे थोरले पाटील, म्हणजे आपल्या अध्यक्षांचे वडील.

"बळीराम, बेलभंडार काढ."

"कायच्यासाठी, पाटील?"

"गाव शपथ घेऊन राह्यलं. वेचणीले वाटा द्याचा नाही."

बळीरामजी समईची वात सारखी करत होते. ती नीट करून झाल्यावर ते उठले. "तुमी सारे इतं हाये. आपसात बोलून ठरवा ना. देवाले काहून मधात घेता?"

मागून कोणीतरी म्हणाले, "आमचा एकमेकावर भरोसा नाही, म्हून."

"तुमचा तुमच्यावर भरोसा नाही, मंग महादेवानं तुमच्यावर काहून ठेवावा?" बळीरामजींचा आवाज चढला नाही. "बेल मी तोडतो, भंडार मी सांभाळतो. भाऊभाऊ भांडले तवा दिला, बांधाचा तंटा मिटवाले दिला. बाईच्या पदरातला कापूस काढून घ्यासाठी मी तो कोनाच्या हातात देनार नाही."

पाटलांनी त्यांना बाजूला ढकलले आणि भंडाऱ्याची डबी स्वतः उचलली. सगळ्यांनी शपथ घेतली. बळीरामजींनी अडवले नाही. सगळे पायऱ्या उतरू लागले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "पाटील, शपथ तुमच्या हातानं झाली. आता उद्यापासून पूजाबी तुमच्याच हातानं होऊ द्या." आणि आपली झोळी घेऊन ते बाहेरच्या लिंबाखाली जाऊन बसले.

वाचकहो, हे शब्द सोपे वाटतात. गुरवाचे घर, इनामाचा तुकडा, गावातली पत, सगळे त्या पूजेवर. बायको लेकरांना घेऊन दारात रडत होती. दुसरा गुरव आणावा तर आसपासच्या गावचा एकही दुसऱ्याच्या वतनात पाय ठेवायला तयार होईना. पिंडीवर पाणी नाही, दिवा नाही, बेल नाही. ज्यांना गंगाबाईच्या घरची चूल थंड असल्याचे काही वाटत नव्हते, ते देव उपाशी म्हणून हळहळू लागले. मी बळीरामजींना म्हणालो, "तुम्हाला भीती नाही वाटत?" ते म्हणाले, "वाटते ना मास्तर. लय वाटते. पन त्याले सारं दिसते, असं मी लोकाईले रोज सांगतो. मंग मीच ते खोटं कसं मानू?"

पाटलांच्या आई तेव्हा फार थकल्या होत्या. सकाळी देवळातून तीर्थ आणि पिंडीवरचा ताजा बेल आल्याखेरीज त्या तोंडात पाणी घेत नसत. पाटलांनी त्यांच्यापासून सगळे लपवले. गड्याकरवी देवळाची घंटा वाजवली आणि विहिरीचे पाणी वाटीत घालून वर एक बेलाचे पान ठेवून पाठवले. म्हातारीने पान बोटात धरले. ते सुकले होते. वाटी तशीच खाली ठेवून त्या काठी टेकत देवळात आल्या. मागे पाटील, त्यांच्यामागे अर्धे गाव.

"बळीराम, देव पारोसा काहून हाये?"

बळीरामजींनी सगळे सांगितले. पाटलांच्या आई मुलाकडे वळल्या. "वाटा काय तू देतं? वाटा काळी माय देते. मी सून म्हून आली तवापासून देऊन राह्यली. वेचनारीच्या हातचा घास काढनारा तू कोन रे? देव पारोसा ठिवतं, अन् मायले खोटं तीर्थ पाजतं?" आणि त्या तिथेच पायरीवर बसल्या. बायांचा वाटा कबूल होईपर्यंत घरी येणार नाही म्हणाल्या. शपथ मोडली तर देव कोपेल, असे कोणीतरी पुटपुटले. "कोपला तं माह्यावर कोपू द्या," म्हातारी म्हणाली. आई उपाशी पायरीवर बसलेली साऱ्या गावाने पाहिली, तेव्हा कुठे पाटील नमले.

त्या हंगामात वाटा मिळाला. बळीरामजींनी त्याच दिवशी आंघोळ करून पूजा केली आणि पहिले तीर्थ म्हातारीला दिले.

कीर्तनकारबुवा इथेच थांबतात. टाळ्या पडतात. पुढचे मी सांगतो.

अमेरिकेतली लढाई संपली आणि भाव कोसळला. तोवर म्हातारी देवाघरी गेली होती. आता दोष कोणाला द्यायचा? पंचाईत बसली आणि निवाडा झाला की गुरवाने देव पारोसा ठेवला, शपथ मोडवली, म्हणून कापसाचा भाव पडला. विलायतेच्या बाजारात जे घडले ते आमच्या गुरवाने दिवा न लावल्यामुळे घडले! मोठमोठ्या पागोट्यांनी यावर माना डोलावल्या. मी तिथे ओरडलो, तर मला शाळा हलवायला सांगितले. बळीरामजींची पूजा काढली, इनाम काढले, देवळालगतचे घर काढले. करीमभाई पिंजाऱ्यांनी आपल्या घराची एक खोली त्यांना दिली. कापूस पिंजण्याच्या त्या खोलीत गुरवाचे कुटुंब राहिले, पळसाच्या पत्रावळी लावून पोट भरू लागले. तुमच्या घरची लग्ने त्याच पत्रावळींवर जेवली आहेत.

त्यांच्या चांगुलपणाविषयीही लिहायला मला सांगितले आहे. महामारीच्या साथीत माझी बायको अंथरुणाला खिळली, तेव्हा शेजारी दार लावून बसले. बळीरामजी उसाचा रस आणि भाताची पेज घेऊन येत, भांडी घासत, माझ्या हाताला धरून मला जेवायला बसवत. ती वाचली नाही. खांदा द्यायला चार माणसे मिळेनात, तर ते करीमभाईंना घेऊन आले. त्या काळात ते एकदाही म्हणाले नाहीत की मास्तर, मला या गावाने काय केले. मी म्हणत असे. ते ऐकून घेत आणि पाने टाचत राहत.

तीस वर्षे ते रोज पहाटे नदीवर आंघोळ करून येतात आणि खालच्या पायरीवरून नमस्कार करून परत जातात. नवे मंदिर बांधले, कळस चढला, पायरी मात्र तीच. मंडळाच्या बैठकीत मी विचारले की शाल कशाला, त्यांना त्यांची पूजा परत द्या. धाकटे पाटील म्हणाले, आता मंदिराचे नियम झाले आहेत. दुसरे म्हणाले, वय झाले, झेपणार नाही. पंचाहत्तराव्या वर्षी शाल झेपते, बेलाचे पान झेपत नाही!

मी तडक बळीरामजींकडे गेलो आणि हे सांगितले. त्यांनी पत्रावळ पुरी केली, बाजूला ठेवली आणि विचारले, "मास्तर, या दसऱ्याले नव्या देवळात बेलभंडार झाला म्हन्तात. खरं हाये काय?"

खरे आहे. सत्कार मंडळातल्याच माणसांनी, त्याच महादेवापुढे, वेचणीचा वाटा पुन्हा बंद करायची शपथ घेतली आहे. नव्या पुजाऱ्याने भंडार दिला. गंगाबाईची नात आज ओंजळभर ज्वारीवर वेचते.

बळीरामजींनी दुसरे पान टाचायला घेतले. मग म्हणाले, "माह्या पूजेचं सोडा. मले सत्काराले बलावलं हाये, मी येईन. पन वर येनार नाही. वेचनाऱ्या बाया खाली बसतात, तिथं बसीन. शाल अंगावर टाकाच्या आधी त्याईचा वाटा कबूल करा म्हना. नाही तं शाल मी घेनार नाही."

निरोप मी पोचवला आहे. आता चार माणसांसमोर छापूनही ठेवतो, म्हणजे ऐकला नाही असे कोणी म्हणायला नको. सत्कार करायचा असेल तर मंडळाने पायऱ्या उतराव्यात.

बळीरामजींना उदंड आयुष्य लाभो. डोळे शाबूत राहोत, पाय नदीपर्यंत चालत राहोत, हात पाने लावत राहोत. माझे उरलेले आयुष्य देवाने त्यांना द्यावे, असे मी मनापासून मागतो. आमच्या गावाला लाज वाटायला फार वर्षे लागतात, आणि ती वाटेल त्या दिवशी ते जिवंत असले पाहिजेत.