सकाळची दिवेलागण

नळदुर्गच्या हायवेवरल्या ढाब्यात महानंदा भाकरी थापायची. हात तव्यावर, तोंडही तव्यासारखंच तापलेलं. कुणी ट्रकवाला वाकडं बोलला की जागेवर चटका! पण दहावीतली लेक शिवांजली भिंतीकडं तोंड करून पडली आणि या बाईची वाचाच बसली. पोरगी जेवेना, बोलेना, दुपार कलल्याबिगर उठेना. गल्लीतले शहाणे म्हणाले, नाटकं.

सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंनी नाव सांगितलं, डिप्रेशन. पोरीला बोलायला आणत राहा म्हणाल्या आणि शाळेच्या पाटीएवढा पांढरा दिवा दिला. "उठली की अर्धा तास समोर बसवा. रोखून बघायचं नाही. उजेड डोळ्यांतून आत जातो, मनाचं घड्याळ लावतो."

दीर शरणबसप्पा खदखदून हसले. "वैनी, उन्हानं टाळकं फुटायलंय आन् तुमी दिवा आणलाव?"

"ऊन बाहेर हाय भावजी, पोरगी आत हाय. उचलून न्या बघू बाहेर!"



महानंदानं दिवा लावला तो दिवेलागणीला. दिवा दुसऱ्या कुठल्या वेळेला लावतात? पोरगीही तेव्हाच उठायची. दोघींनी हात जोडले. झालं उलटंच. शिवांजली पहाटेपर्यंत टक्क जागी, दिवसा आणखी मेल्यासारखी.

महानंदानं फोनवर तोफ डागली. "तुमच्या दिव्यानं पोरीची झोप खाल्ली!"

"लावता कधी?"

"कधी म्हंजे? दिवेलागणीला!"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चुकलं माझंच. सकाळी लावा. उठत नसेल तर उठवा."

मग रोज सकाळी महानंदा पोरीला काखेत हात घालून बसवू लागली. पोरगी शिव्या द्यायची, ही खायची. कित्येक सकाळी अशाच कोरड्या गेल्या.

एक दिवस त्या पांढऱ्या उजेडात शिवांजलीनं स्वतःचा शेपटा नाकाशी धरला. "अव्वा, केसं किती घाण वास मारायलेत गं. पाणी ठेव की."

महानंदा जागीच खिळली. सारा जन्म जाळापुढं गेला होता तिचा. पण ह्या उजेडाला ना धग, ना धूर, आणि हा पोरीच्या पार तळाशी उतरून तिला हाक मारून आला! पातेलं उचलताना तिची नजर पोरीवरच होती. पाणी चुलीपाशी सांडलं.

"निम्मं सांडलीस की! सर तिकडं," शिवांजली उठली, "मीच ठेवते."