चष्म्यातली भिंत

मंगळवार, ९ डिसेंबर. सकाळी गार वारा. अकरा वाजता धाकट्या दिरांबरोबर समुपदेशक बाईंकडे गेले. ही पाचवी खेप.

दीर रंगारी. तीस वर्षे त्यांनी उंच इमारती रंगवल्या. मार्चमध्ये परांचीवरून पडले. पायाचे हाड जुळले, पण तेव्हापासून त्यांना साध्या स्टुलावरही चढवेना. आज जमले नाही तर धंदा सोडायचा, असे त्यांनी मला वाटेत सांगितले.

बाईंनी त्यांच्या डोळ्यांवर तो जाडजूड चष्मा चढवला. त्यात व्हिडिओ गेममधल्यासारखी इमारत दिसते आणि आपण परांचीवर उभे आहोत असे वाटते. मागे चारही वेळा तिसऱ्या मजल्यावरच त्यांनी चष्मा ओढून काढला होता. आज सातवा मजला आला. त्यांनी चष्म्याला हात घातला. मग एकदम ओरडले, "वहिनी, ही भिंत कोणी रंगवलीय? खिडकीखाली अख्खा पट्टा सुटलाय!"

"खाली बघवतंय का?" बाईंनी हळूच विचारले.

"थांबा हो, आधी हे बघू द्या," म्हणत ते कमरेतून पार वाकले आणि हवेतच ब्रश फिरवू लागले. माझा जीव भांड्यात पडला.

चष्मा उतरवल्यावरही धुसफूस चालूच. "कुठल्या आळशाचं काम आहे हे?"

"कॉम्प्युटरवाल्यांचं," बाई हसल्या.

"मग त्यांना माझा नंबर द्या."

संध्याकाळी भावोजींनी स्टुलावर चढून माळ्यावरची तीन ब्लँकेटे काढून दिली. एकाला कसर लागली आहे.