मी साक्ष मागे घेतली तो रविवार

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, ही म्हण माझी आई मलाच लावायची. भात शिजला की नाही हे बघायच्या आधी मी ताटं मांडून मोकळी व्हायचे. पन्नाशी उलटली तरी खोड गेली नाही, आणि एका रविवारी ती भर मंडळीत नडली.

आमची ख्रिस्ती मंडळी म्हणजे ऐरोलीत एका क्लासच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी जमणारी तीसेक माणसं. बहुतेक नगर-जालन्याकडची, पोटापाण्यासाठी इकडे आलेली. फळ्यावर शनिवारची गणितं तशीच असतात, ती पुसून उपासना सुरू होते. तिसऱ्या गीतानंतर साक्षीची वेळ. ज्याला प्रभूने काही दिलं असेल त्याने उभं राहून सांगायचं. उपदेश करणारे आमचे पाळक, त्यांच्या बायकोजवळ, म्हणजे पाळकीणबाईंजवळ, विनवण्यांची एक वही असते. कुणी आजारी, कुणाची नोकरी गेलेली, कुणाच्या मुलीचं जमत नाही, सगळ्यांची नावं त्यात. दर रविवारी ती मोठ्याने वाचतात आणि सगळे मिळून प्रार्थना करतात. साक्ष झाली की त्या नावावर लाल रेघ मारायची. मग ते नाव वाचत नाहीत.

माझ्या नवऱ्याचं नाव त्या वहीत सात महिने होतं. घशात गाठ. हे द्रोणागिरीला गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचे आणि रविवारी पेटी वाजवून गीतं म्हणायचे. आधी आवाज घोगरा झाला, मग जवळजवळ गेलाच. रेडिएशन झालं, किमो झाली. पहाटे उठून यांच्यासाठी पेज मिक्सरमधून काढायची, रबाळ्याला कंपनीत ड्युटीला जायचं, सुट्टी मिळेल तेव्हा हॉस्पिटलच्या रांगेत उभं राहायचं. दिघ्याच्या आमच्या चाळीत जिना चढताना मी मधल्या पायरीवर बसायला लागले होते. शेजारणी विचारायच्या, गुडघे दुखतात का. मी हो म्हणायचे. गुडघे ठणठणीत होते, वर जायचीच इच्छा नसायची.

मग एका बुधवारी डॉक्टरांनी दुर्बिणीतून घसा बघितला. "आता तरी चांगलं दिसतंय. स्कॅन करून बघू," असं ते म्हणाले. मी त्यातलं पहिलं वाक्य घेतलं आणि दुसरं तिथेच सोडून आले. रविवारी हे घरी झोपले होते. मी एकटी गेले आणि साक्षीच्या वेळी उभी राहिले. प्रभूने माझ्या नवऱ्याला बरं केलं, असं म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, म्हाताऱ्या रडल्या. पाळकीणबाईंनी माझ्यासमोर लाल रेघ मारली.

पुढच्या गुरुवारी रिपोर्ट आला. गाठ होती. बाजूला आणखी एक होती.

कंपनीत मी गोळ्यांच्या पट्ट्या तपासते. एखादा कप्पा रिकामा दिसला की पट्टी बाजूला काढायची. त्या दिवशी किती रिकामे कप्पे माझ्या डोळ्यांदेखत पुढे गेले, देवालाच माहीत. चहाच्या सुट्टीत शेजारच्या टेबलावरच्या साताऱ्याच्या बाईला मी सगळं सांगून टाकलं. ती माझा हात धरून म्हणाली, "ताई, टेन्शन घिऊ नका. आमच्या गावच्या देवीला मी नारळ बोलते." तिला सांगताना माझी जीभ एकदाही अडखळली नाही. आणि ज्यांच्याबरोबर वीस वर्षं गुडघे टेकले, त्यांना सांगायची हिंमत होईना. साक्ष दिलेली होती. आता ती खोटी निघाली म्हणायचं म्हणजे देवालाच खोटं पाडायचं, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. खरं सांगायचं तर देवाइतकीच मला स्वतःच्या अब्रूचीही काळजी होती.

तीन रविवार गेले. यांना थकवा आहे, एवढंच मी सांगायचे. लोक हसून म्हणायचे, असू दे, बरे झालेत ना, ताकद येईल हळूहळू. पाळक तर एका घरगुती प्रार्थनेत म्हणाले, विश्वास कसा असावा ते या बाईंकडून शिका. मला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. मंडळीत नुकतीच यायला लागलेली एक मुलगी होती, पंचविशीची असेल. तिच्या पाच महिन्यांच्या बाळाच्या हृदयाला छिद्र होतं. उपासना सुटली की ती माझा हात धरायची. "काकी, तुमच्यासारखा विश्वास मला मिळू दे, अशी प्रार्थना करा ना." मी करते म्हणायचे आणि चप्पल शोधायला पळायचे.

घरी प्रार्थनेला बसले की शब्द यायचे नाहीत. नुसतं "प्रभू" म्हणायचे आणि उठून मिक्सर लावायचे. देवाचा रागही आला होता. इतकी वर्षं तुझ्या दाराशी बसले, एक स्कॅन नीट देता आला नाही तुला, असं मी त्याला भांडी घासताना म्हणाले आहे.

शेवटी यांनीच विषय काढला. तोवर बोलणं म्हणजे नुसती कुजबुज उरली होती. शनिवारी दुपारी मी पेज भरवत होते, यांनी चमचा बाजूला केला.

"अगं, माझं नाव परत घाल वहीत."

"लोक काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते म्हणू दे. नाव वाचतात ना, तेव्हा मला बरं वाटायचं. इतकी माणसं आपल्यासाठी मागतायत असं वाटायचं. आता कोणीच वाचत नाय."

"अहो, पण मी उभं राहून सांगितलंय सगळ्यांना."

"तुझी अब्रू तुझ्याकडे ठेव," हे म्हणाले. "माझं नाव दे मला."

तीस वर्षांच्या संसारात या माणसाने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. पेज तशीच राहिली. मी मोरीत जाऊन रडले, नळ सोडून.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं रिक्षाने गेलो. हे भिंतीला टेकून खुर्चीत बसले. तिसरं गीत संपलं आणि मी उभी राहिले. लोक आधीच हसत होते, आणखी एक चांगली साक्ष ऐकायला मिळणार म्हणून.

"मी घाई केली," मी म्हणाले. "स्कॅनच्या आधीच साक्ष दिली. यांची गाठ गेलेली नाही, वाढलीय. मला तीन आठवडे माहीत होतं. मी लाजेपायी बोलले नाही. यांचं नाव परत लिहा." एवढंच पाठ करून आले होते. पुढे काय म्हणायचं ते ठरवलं नव्हतं, म्हणून तशीच उभी राहिले.

कुणी आमेन म्हणालं नाही. पाळकांनी चष्मा काढला. ते एरवी कुठल्याही गोष्टीवर दहा मिनिटं बोलतात. त्या दिवशी फक्त म्हणाले, "बसा बाई." पाळकीणबाई वहीत खाली मान घालून लिहीत होत्या. मग त्यांनी नावं वाचली आणि सगळ्यात शेवटी यांचं वाचलं. मी यांच्याकडे बघितलं. डोळे मिटलेले, हात मांडीवर उघडे. किती महिन्यांनी कपाळावरची आठी गेली होती. गाठ तिथेच होती. पण तो चेहरा शांत होता, हे मी शपथेवर सांगेन, आणि आता मी शपथा जपून घेते.

उपदेश सुरू झाला तेव्हा ती मुलगी बाळाला घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली. मला तिच्याकडे बघवेना. माझ्या विश्वासावर तिने भिस्त ठेवली होती आणि मी तिला तोंडघशी पाडलं होतं. ती बाळाला मांडीवर थोपटत होती. मग माझ्या कानाशी वाकली.

"बरं झालं काकी, तुमी बोललात. मला वाटायचं, तुमच्या घरी बरं झालं आणि माझ्या बाळाला होत नाय, म्हणजे माझाच विश्वास कमी पडतोय. रोज मी त्याची माफी मागत होते."

"कुणाची?"

"बाळाची."

तीन आठवडे मी देवाचा मान सांभाळत बसले होते, आणि त्याचं ओझं ही पोर वाहत होती. मी बाळाला तिच्याकडून घेतलं. तिने डोकं माझ्या खांद्यावर टेकलं आणि दोन मिनिटांत तिला झोप लागली, तोंड उघडं टाकून. शेवटच्या प्रार्थनेला सगळे उभे राहिले. मी बसूनच राहिले, ती जागी होऊ नये म्हणून.