काळजी ठेवून घेणाऱ्या सिस्टर क्लॅरा

सिस्टर क्लॅरा यांची आणि माझी पहिली भेट शाळेच्या व्हरांड्यात झाली आणि त्या भेटीत मी रडले. गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशी करू नये हे मला समजते. पण संपादक मंडळाने "पहिल्या परिचयापासून लिहा" असे बजावले आहे आणि परिचय झाला तो असाच, त्याला माझा नाइलाज आहे.

बडोद्यात तेव्हा केबल टीव्हीच्या तारा एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर जाऊ लागल्या होत्या आणि प्रत्येक आईबापाला आपले मूल इंग्रजी शाळेत घालायचे होते. सिस्टरांच्या प्राथमिक शाळेत शिक्षिकेची जागा निघाली. मी अर्ज केला, बोलावणे आले आणि नेमक्या त्या सकाळी माझ्या तान्ह्या मुलीला ताप भरला. तिला दांडिया बाजारातल्या शेजारणीकडे ठेवून मी आले होते. बाकावर बसून पदराशी चाळा करत होते. तेवढ्यात पांढऱ्या झग्यातल्या, ठेंगण्याशा एक सिस्टर समोर येऊन उभ्या राहिल्या आणि चक्क मराठीत म्हणाल्या, "कशाची भीती वाटते गं? मुलाखतीची?"

"मुलीला ताप आहे," एवढे म्हणताच माझा बांध फुटला.

त्यांनी हात पुढे केला, एखादी पिशवी मागावी तसा. "ती काळजी इकडे दे माझ्याकडे. तू आत जा, मुलाखत दे. बाहेर आलीस की तुझी तुला परत."

आत गेले तर मधल्या खुर्चीवर त्याच! त्या मुख्याध्यापिका आहेत हे मला कोणी सांगितलेच नव्हते. मुलाखत संपल्यावर त्या दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "घे तुझी काळजी. नीट ठेवली होती. आता पळ घरी." संध्याकाळपर्यंत ताप उतरला. नोकरी मिळाल्याचे दोन दिवसांनी कळले.

त्या सिस्टर यंदा पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत आणि उद्या त्यांच्या हृदयाची झडप बदलण्याची शस्त्रक्रिया आहे. लेख शुक्रवारपर्यंत हवा आहे, शस्त्रक्रिया गुरुवारी आहे आणि मी बुधवारी दुपारी लिहायला बसले आहे. हा ग्रंथ तुमच्या हाती येईल तेव्हा तुम्हाला सगळे ठाऊक असेल. मला आत्ता काहीच ठाऊक नाही. म्हणून या लेखात कुठे विस्कळीतपणा दिसला तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

सिस्टर मूळच्या वसईच्या. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, फाटकापाशी पालकांशी गुजराती, असा त्यांचा दिवस असे. प्रत्येक मुलाचे नाव त्यांना पाठ असायचे. नुसते मुलाचेच नाही, त्याच्या धाकट्या भावंडाचे आणि घरातल्या कुत्र्याचेसुद्धा. त्या कुणालाही "ए मुला" म्हणाल्याचे मला आठवत नाही. उशिरा आलेल्या मुलाला त्यांनी कधी बाहेर उभे केले नाही. "रिक्षावाल्याला उशीर झाला, त्याची शिक्षा पोराला कशाला?" असे त्या म्हणत. मात्र उशिरा आलेल्या शिक्षिकेची गाठ त्यांच्याशी असे आणि ती गाठ सोपी नसे. गाणे त्यांना अजिबात येत नाही. तरी प्रार्थनेत त्या सर्वांत मोठ्या आवाजात गात आणि मुले त्यांच्यामागून बेसूर होत जात. गौरवलेखात एवढे खरे चालावे.

घंटा होण्याआधी आम्ही शिक्षिका स्टाफरूममध्ये जमत असू. तिथे त्यांचा एक रिवाज होता. ज्या कुणाला घरची काही चिंता असेल तिने ती त्यांना एका वाक्यात सांगायची. सासूचे ऑपरेशन, नवऱ्याची बदली, गॅस संपलेला, काहीही. त्या मान डोलावत आणि म्हणत, "ठेवली. आता ती शाळा सुटेपर्यंत माझी. वर्गात नेऊ नकोस, मुलांना वास येतो." शाळा सुटली की फाटकापाशी उभ्या राहून एकेकीला तिची तिची काळजी परत करत. नव्या शिक्षिकांना हे पोरकट वाटे. महिन्याभरात त्याच सर्वांत आधी रांगेत उभ्या असत. मी तर रोजचीच गिऱ्हाईक. त्या काळात वर्तमानपत्रांत सारखे काळजीवाहू सरकार, काळजीवाहू सरकार असे छापून येई. सिस्टरांनी माझेच नाव काळजीवाहू टीचर ठेवले होते.

पण ठेवून घेतलेली काळजी त्या नुसती ठेवत नसत, हे मला एका सकाळी समजले. माझे यजमान नंदेसरीला एका रसायनांच्या कारखान्यात होते. त्या दिवशी शाळेत येताना रिक्षावाला म्हणाला, नंदेसरीकडे वायू सुटलाय म्हणे, भोंगे वाजत होते. मी सिस्टरांना सांगितले, त्यांनी "ठेवली" म्हटले आणि मी पहिलीच्या वर्गात जाऊन फळ्यावर बेरजा मांडू लागले. एकही बेरीज बरोबर आली नाही आणि मुलांनी त्या आनंदाने दुरुस्त केल्या. मधल्या सुट्टीच्या आधीच सिस्टर वर्गाच्या दाराशी आल्या. त्यांच्या कपाळावर घाम होता. समोरच्या एस.टी.डी. बूथवर जाऊन त्यांनी कारखान्याचा फोन लागेपर्यंत तो फिरवत ठेवला होता.

"काही झालेलं नाही. अफवा होती. मी स्वतः बोलले तुझ्या यजमानांशी," त्या म्हणाल्या. "डब्यातल्या भाजीत मीठ जास्त पडलंय असा निरोप आहे."

एरवी असा निरोप ऐकून मला राग आला असता. त्या दिवशी मी वर्गासमोर हसले आणि रडलेही. मुलांना वाटले टीचर बेरजा चुकल्या म्हणून रडतात.

पुढे शहर बदलू लागले. अलकापुरीत काचेच्या दुकानांच्या रांगा उभ्या राहिल्या आणि पालकांना शाळेत संगणक हवा झाला. शाळेच्या मागे मातीची एक मोकळी जागा होती. तिथे मुले चिखलात हात घालून घरे, विहिरी, डोंगर करत. पालकांच्या सभेत कुणीतरी उठून म्हणाले, "सिस्टर, हवे तो कॉम्प्युटरनो जमानो छे. माटीमां रमवानुं तो घरे पण थाय." आता संगणकाचा जमाना आहे, मातीत काय घरीही खेळता येते, तेव्हा तिथे संगणकाची खोली बांधावी असा सगळ्यांचा आग्रह पडला. सिस्टर वाद घालत बसल्या नाहीत. सुट्टीनंतर आम्ही परत आलो तेव्हा त्यांच्या ऑफिसात संगणक बसले होते आणि त्यांचे टेबल व्हरांड्यात आले होते. निवृत्त होईपर्यंत त्या तिथेच बसल्या. पावसाची तिरकी झड आली की आम्ही कागद उचलायला धावत असू. मातीची जागा अजून तशीच आहे.

त्याच मातीतून माझ्यावर एक प्रसंग आला. तो सांगितल्याशिवाय सिस्टर तुम्हाला समजायच्या नाहीत.

नाताळापूर्वी शाळेत प्रत्येक वर्ग आपापली गव्हाणी करतो. बाळ येशूचा जन्म जिथे झाला त्या गोठ्याचा देखावा. मी तेव्हा दुसरीच्या वर्गाला शिकवत होते आणि अजून कायम झाले नव्हते. त्या वर्षी शहरातले वातावरण तंग होते. मध्ये काही दिवस शाळाही बंद ठेवावी लागली होती. कोण कशावरून दुखावेल याचा नेम नव्हता. मी मुलांना माती दिली, गवत दिले आणि दुसऱ्या तुकडीवर बदलीला गेले. परत येऊन पाहते तो काय, गोठ्याच्या जागी गड!

माझ्या वर्गात मराठी घरांतली मुले बरीच होती. दिवाळीत अंगणात किल्ला करून त्यांचे हात तयार झालेले. त्यांनी बुरूज उभारले होते, दिंडी दरवाजा केला होता, पायऱ्या काढल्या होत्या. तारा म्हणून कुणीतरी उत्तरायणासाठी, म्हणजे संक्रांतीसाठी, घेतलेला पतंग वर टांगला होता. मधोमध गवतावर बाळ येशू निजलेला, आणि दरवाजाच्या दोन्ही अंगांना घरच्या किल्ल्यावरून आणलेले मातीचे मावळे, भाले घेऊन उभे!

अर्ध्या तासात पालक येणार होते. ख्रिस्ती पालकांना ही थट्टा वाटेल, मराठी पालकांना हा अपमान वाटेल, आणि दोन्ही बाजूंनी नोकरी माझीच जाईल. मी घाईघाईने मावळे उचलायला वाकले तोच मागून आवाज आला, "मीनल, राहू दे."

"सिस्टर, अहो, लोक काय म्हणतील?"

"बघू या काय म्हणतात."

पहिले पालक आले ते अश्लेषा या मुलीचे वडील. भारदस्त गृहस्थ, बँकेत साहेब. त्यांनी गव्हाणी पाहिली आणि त्यांचा चेहरा कठोर झाला. "हे मावळे इथं कुणी आणले? आमच्या मावळ्यांना इथं चाकरीला लावलंत होय?"

मी भिंतीला टेकले. खोलीत आणखी पालक येत होते. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "मी सांगण्यापेक्षा ज्यांनी केलं त्यांना विचारू या. अश्लेषा, बाबांना सांग बेटा, मावळे इथं का आहेत?"

अश्लेषाला असा प्रश्न कुणी विचारावा याचेच नवल वाटले. "पहाऱ्यावर आहेत. तो दुष्ट राजा बाळाला मारायला माणसं पाठवतो, असं सिस्टरांनीच गोष्टीत सांगितलं ना? बाळ किती लहान आहे! पहारा नको?" मग वडिलांची समजूत घालावी तशी म्हणाली, "महाराजांना नाही आणलं बाबा. ते घरी गडावरच आहेत."

गृहस्थ खाली वाकले. चष्मा सावरून त्यांनी गड चारी बाजूंनी पाहिला. मग दरवाजावरचा एक मावळा उचलून त्यांनी गडाच्या मागच्या अंगाला ठेवला आणि मुलीला म्हणाले, "मागची बाजू उघडी टाकलीत. चोरवाटेवर कोण बघणार?"

त्यांच्या मागे मॅकवानभाई उभे होते. शाळेतल्या एका ख्रिस्ती मुलाचे वडील. त्यांनी मान वाकडी करून पाहिले आणि विचारले, "बहु सरस छे, पण घेटां क्यां छे?" बंदोबस्ताच्या नादात मुले मेंढ्या ठेवायलाच विसरली होती! सगळे हसले आणि मुले मेंढ्या आणायला पळाली.

पालक पांगल्यावर मी सिस्टरांना म्हटले, "तुम्ही एवढ्या शांत कशा राहता?" त्यांनी उत्तर न देता आपला हात माझ्या हातात ठेवला. तो बर्फासारखा गार होता. इतकी वर्षे आमच्या काळज्या ठेवून घेणारी ही बाई स्वतःही घाबरते, हे माझ्या तेव्हा पहिल्यांदा लक्षात आले.

"तुमची काळजी तुम्ही कुणाकडे ठेवता, सिस्टर?"

"चॅपेलमध्ये," त्या म्हणाल्या. "पण तिथं कधी कधी फार रांग असते बघ."

पुढल्या महिन्यात मी कायम झाले. दुसरीच्या गव्हाणीवर मावळे आजही पहारा देतात. आता ती पद्धतच आहे, आणि नव्या शिक्षिकांना ती कुणी पाडली हे सांगावे लागते.

काल मंगळवारी मी सिस्टरांना भेटायला कॉन्व्हेंटमध्ये गेले. त्या खिडकीजवळ खुर्चीत बसल्या होत्या. खिडकीत भाला मोडलेला एक जुना मावळा उभा होता, तोंड दाराकडे करून. मी डबा ठेवला, डॉक्टर काय म्हणतात ते विचारले.

"डॉक्टर चांगलंच म्हणतात. त्यांना तसं म्हणावं लागतं."

मी त्यांचा हात हातात घेतला. गव्हाणीच्या दिवशीसारखाच गार होता.

"मीनल," त्या हळूच म्हणाल्या, "चॅपेलमध्ये आज रांग आहे गं. माझी थोडा वेळ तू ठेवशील?"

मला हुंदका आला तो मी गिळला, कारण काळजी ठेवून घेणाऱ्याने रडायचे नसते हे मी त्यांच्याकडूनच शिकले होते. मी हात पुढे केला. "द्या."

"मला मरणाची एवढी भीती नाही वाटत," त्या म्हणाल्या. "पण भुलीतून जागी होईन आणि मला मुलांची नावं आठवणारच नाहीत, असं सारखं मनात येतं. रात्री पडल्या पडल्या एकेक वर्ग आठवते. काल एक नाव अडलं."

"ठेवली," मी म्हटले. "आता ती माझी. तुम्ही निवांत आत जा."

वाचकहो, मी अत्यंत घाबरट बाई आहे, हे सिस्टरांना माहीत आहे आणि आता तुम्हालाही. तरीही कालपासून ही काळजी मी सांभाळते आहे. सकाळी दांडिया बाजारातल्या गणपतीपुढे तिच्यासकट उभी राहिले. रांग तिथेही होती, पण मी थांबले. माझे मागणे एवढेच आहे की सिस्टर क्लॅरांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभावे, आणि व्हरांड्यात त्यांचे टेबल मांडून आम्ही त्यांचा शंभरावा वाढदिवसही करावा. तेव्हाही त्यांनी बेसूर गावे आणि आम्ही त्यांच्यामागून गावे.

सिस्टर, तुमची काळजी मी नीट ठेवली आहे. पण नियम तुमचाच आहे. शाळा सुटली की ज्याची त्याने परत न्यायची. मी फाटकापाशी उभी आहे. लवकर या, आणि मला नावाने हाक मारा.