गमछा कोणी कोणाला घालायचा?

राष्ट्रीय पक्षाच्या जिल्हा कार्यालयात किस्से जमवावे लागत नाहीत, आपोआप साचतात. निवडणूक संपल्यावर कोपऱ्यात उरलेले झेंडे पडून राहतात ना, तसेच! मी देवासच्या कार्यालयात अर्धं आयुष्य काढलंय. वर दिल्ली, मध्ये भोपाळ, खाली आम्ही. आणि हल्ली वरून सारखं ऐकू येतं, "आता निर्णय खालीच होतील!"

* * *

याच विषयावर धारला शिबिर होतं. दिल्लीचे वक्ते सत्ता खालपर्यंत कशी न्यायची ते सांगत होते आणि मंडपभर दाल-बाफल्यांचा वास सुटला होता. अमझेऱ्याचे आमचे जुने कार्यकर्ते भगवानभिया जिल्हाध्यक्षांना म्हणाले, "पंगत बिठा दें?"

अध्यक्षांनी फोन काढला. "रुको, भोपाल से पूछ लेता हूँ."

भगवानभिया पत्रावळ घेऊन बसलेसुद्धा! "पूछते रहो. भूख का निर्णय तो नीचे ही होता है!"

* * *

सरदारपूरला होर्डिंग आलं. डिझाइन दिल्लीचं. वर मोठे नेते, खाली मध्यम नेते, आणि आमचा उमेदवार कोपऱ्यात, पासपोर्ट फोटोएवढा! पोरांनी वरचा अर्धा भाग मागे दुमडला आणि दोरीने बांधून टाकला. भोपाळहून फोन आला, "नेता कहाँ गए?"

"पीछे हैं साहब. पूरी ताकत से हमारे पीछे खड़े हैं!"

* * *

आमच्याकडे सरपंचाच्या निवडणुकीत पक्षाचं चिन्ह नसतं. म्हणून निकाल लागला की सगळे पक्ष गमछे घेऊन विजयी माणसाकडे धावतात. गळ्यात गमछा पडला, फोटो निघाला, की माणूस आपला! एका सरपंचाला सकाळी आम्ही घातला, दुपारी समोरच्यांनी. मी जाब विचारायला गेलो.

तो म्हणाला, "नाराज क्यों होते हो भिया? आप दोनों मेरे हो!"

* * *

आता शोभाताईंचं सांगतो. सोनकच्छला त्यांचं शिवणाचं दुकान. मराठीच घर, मला भाऊ म्हणतात. आमच्या पक्षाचे झेंडे वर्षानुवर्षं त्यांनीच शिवले. वॉर्डात कुणाचं नळाचं भांडण असो की पोरीची शाळा, लोक त्यांच्याच दारात. नगर परिषदेची निवडणूक लागली तेव्हा अख्ख्या वॉर्डाने त्यांचं नाव दिलं. मी स्वतः ते वर पाठवलं.

तिकीट भलत्यालाच! तो राहायला इंदूरला. भोपाळचे निरीक्षक म्हणाले, "दिल्ली के सर्वे में बहनजी का नाम नहीं है."

माझं डोकंच फिरलं. ताई मात्र शांत. म्हणाल्या, "भाऊ, वॉर्डात सर्व्हे राहतो की मी?" आणि अपक्ष उभ्या राहिल्या. चिन्ह मिळालं शिलाई मशीन! पांढऱ्या कापडाचे गमछे त्यांनी स्वतःच शिवले, त्यावर मशीनचं चित्र. मी पक्षाचा माणूस, पण तसला एक गमछा माझ्याही घरी आहे. काढा म्हणावं पक्षातून!

* * *

ताई दणदणीत निवडून आल्या. आणि गंमत बघा, नगर परिषदेत आपला अध्यक्ष बसवायला आम्हाला नेमका एक पार्षद, म्हणजे नगरसेवक, कमी!

तेच निरीक्षक भोपाळहून धावत आले. सोबत हार, पक्षाचा गमछा आणि फोटोग्राफर. दुकानात शिरता शिरताच म्हणाले, "बहनजी, आप तो शुरू से हमारी हैं!"

बाहेर अख्खा वॉर्ड जमलेला. ताई आता वाकतात की काय, म्हणून मी मान उंचावून बघत होतो.

ताई मशीनवरून उठल्या. "बैठिए साहब, पानी पीजिए." साहेब स्टुलावर बसले, गमछा मांडीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी तांब्या तोंडाला लावला.

ताईंनी खुंटीवरचा आपला पांढरा गमछा काढला, साहेबांच्या गळ्यात घातला, नीट सारखा केला आणि शेजारी उभ्या राहिल्या.

"हाँ भिया, अब खींचो फोटू!"