हळदकुंकू लावलेला कॉम्प्युटर

शाळेतले किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. पोरांच्या दप्तराच्या तळाशी पेन्सिलींचा भुगा साठतो ना, तसे ते आपोआप साठतात. मी कारेगावजवळच्या एका प्राथमिक शाळेत बरीच वर्षं बाई होते. दोन हजार सालानंतर आमच्याकडं टीव्ही, सीडी, कॉम्प्युटर असं एकेक यायला लागलं. त्याच सुमारास ‘अपंग असो की परभाषी, सगळी मुलं एकाच वर्गात’ हे धोरणही आलं. दोन्ही एकदम आल्यामुळं कुठलं कशासाठी आलंय, हे वरच्यांनाही नीट ठाऊक नव्हतं!

*

कॉम्प्युटर आला त्या दिवशी आमचे मुख्याध्यापक शितोळे गुरुजी यांनी नारळ फोडला, मॉनिटरला हळदकुंकू लावलं आणि खोलीला कुलूप घातलं. “धूळ लागली तर बिघडतो,” म्हणाले. किल्ली त्यांच्या जानव्याला!

शिकवायचं तर होतंच. मग मी फळ्यावर खडूनं कॉम्प्युटर काढला. हा माऊस, हा कीबोर्ड. पोरं फळ्यावर बोटं दाबून टायपिंग करायची. आठवडाभर झाल्यावर पहिलीतल्या एकानं विचारलं, “बाई, ह्यो चालू कवा व्हनार?”

शेजारच्या खोलीतला तरी कुठं चालू होता!

*

शेवटी कुलूप उघडलं. पंधरवडा बरा गेला आणि माऊस हलेना. दौंडहून मेकॅनिक बोलावला. दोन गाड्या बदलून तो घामाघूम होऊन आला. माऊस उलटा करून बघितला आणि माझ्याकडं संशयानं पाहिलं.

“बाई, ह्याच्या पोटातली गोळी कुठंय?”

त्या वेळच्या माऊसमध्ये रबराची एक गोळी असायची. मग चौथीतली शकू उभी राहिली. गळा काढून म्हणाली, “बाई, मी चोरली न्हाई! मी ती गोट्यांत जिंकलीय!”

*

गुडियाचे वडील बिहारहून कंपनीत कामाला आलेले. तिला मराठीचा गंध नाही. वर्गात तोंड मिटून बसायची. मी तिला गोष्टींच्या सीडीसमोर बसवलं. मधल्या सुट्टीतही ती तिथंच. चार-सहा महिन्यांत पोरगी धडाधड मराठी बोलायला लागली. फक्त ती मराठी सीडीतली!

एकदा हापशावर आमचे म्हातारे पांडूआबा हंडा लावून गप्पा मारत उभे. गुडिया तांब्या घेऊन गेली आणि म्हणाली, “आजोबा, आपण कृपया थोडे बाजूला सरकता का? मला तहान लागली आहे.”

आबांनी तिला खालून वर न्याहाळलं. “कोणाची गं तू? सदाशिव पेठेतली हायेस व्हय?”

*

अमोलला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. बोलणंही नाही. टीव्हीचा पाठ लागला की तो सगळ्यांच्या पुढं बसून चित्रं गिळायचा.

केंद्रप्रमुख पाठ बघायला आले आणि नेमका त्याच दिवशी स्पीकर गेला. पडद्यावर माकड आणि सुगरण भांडतायत, आवाज नाही. वर्ग ढिम्म. तेवढ्यात अमोल उठून टीव्हीशेजारी उभा राहिला. त्यानं सुगरणीचा फणकारा केला, माकडाचा माज केला, घरटं विस्कटल्यावर सुगरणीचं रडणंसुद्धा केलं. पोरं हसून लोळली आणि शेवटी हळहळलीसुद्धा.

केंद्रप्रमुख पाठीमागच्या खुर्चीत मोबाइलवर बोलत होते. निघताना म्हणाले, “शितोळे गुरुजी, पाठ फार प्रभावी झाला. फक्त आवाज जरा वाढवा!”

गुरुजी म्हणाले, “हो, साहेब.” मान खाली घालून त्यांनी अमोलच्या पाठीवर हात ठेवलेला मी पाहिला.

*

मंगल चौथीपर्यंत आमच्याकडंच शिकली. पण तिसरीत असताना तिचं नाव शाळेतून निघाल्यातच जमा होतं.

ती जन्मांध. कॉम्प्युटरवर गोष्ट लागली की पडद्यावरचं मी तिच्या कानाशी सांगायची, आणि प्रश्नांची उत्तरं सगळ्यांच्या आधी तीच द्यायची. पण तालुक्याहून साहेब आले, म्हणाले, “आंधळ्या मुलीला पडद्यापुढं बसवून काय उपयोग? लांब वसतिगृहाची शाळा आहे, तिकडं पाठवा.”

तिचे वडील मजुरी बुडवून आले होते. दाराशी उभे राहून एवढंच म्हणाले, “सायेब, लेकरू हितं रमलंय. तिकडं रातचं भेलं तर कुणाला हाक मारंल?”

साहेब म्हणाले, “बघू. परीक्षा घेतो.”

मंगलच्या बाकाशी जाऊन ते वाकले. प्रत्येक शाळेत तोच प्रश्न विचारायची सवय असावी. मायेनं विचारलं, “बाळ, स्क्रीनवर काय दिसतंय?”

शितोळे गुरुजी खोकले. वडिलांनी डोळे मिटले. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. साहेबांच्याही लक्षात आलं असावं, पण शब्द गेला तो गेला.

मंगलनं हात पुढं करून चाचपत साहेबांची बाही धरली आणि हळूच खाली ओढली. बाकावर त्यांच्यासाठी सरकून जागा केली.

“तुमालाबी दिसत न्हाई व्हय, सायेब? मग उभं कशाला? बसा हितं माझ्याजवळ. आमच्या बाई सांगत्यात समदं!”